स्पोर्टी गाडीचे ब्रेक पॅड घरीच बदलताना: इंदूरच्या मंडळींचे नेहमीचे प्रश्न

आय-ट्वेंटी एन लाइन, पोलो जीटी, एखादी जपून ठेवलेली अबार्थ पुंटो. रामबागेपासून सुदामा नगरापर्यंत अशा गाड्या हौसेनं बाळगणारी मराठी घरं इंदुरात बरीच आहेत, आणि ब्रेकचा विषय निघाला की प्रश्न फिरून फिरून तेच येतात. ते इथे एकत्र घेतले आहेत. उत्तरं फक्त डिस्क ब्रेकपुरती आहेत: चाकाबरोबर फिरणारी धातूची तबकडी म्हणजे डिस्क, तिला दोन्ही बाजूंनी दाबतात ते पॅड, पॅड धरून ठेवणारा चिमटा म्हणजे कॅलिपर, त्यातला ऑइलच्या दाबानं पॅड ढकलतो तो पिस्टन, आणि कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या गाइड पिना. पोलो जीटीला मागे ड्रम आहेत. ड्रमचे लायनर बदलणं हे निराळं काम आहे.

हे खरंच घरी करण्यासारखं काम आहे का?

पुढच्या चाकांचं, हो. पंक्चर झालेलं चाक स्वतः बदललेल्या माणसाला यातलं अर्धं काम येतंच. पहिल्यांदा करताना दोन्ही बाजू मिळून दोन-तीन तास धरा. शनिवारी सकाळी सुरू करा, रविवारी नको. एखादी क्लिप तुटली तर रविवारी स्पेअरचं दुकान उघडं सापडणं कठीण, आणि गाडी तोवर तीन चाकांवर.

मजुरी वाचते हा फायदा आहेच, पण माझ्या मते खरा फायदा वेगळा. गॅरेजमध्ये पोरगा पॅड काढतो, नवे घालतो, गाडी बाहेर. पिन अडकली आहे का, आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त का झिजला, हे कोणी बघत बसत नाही. घरी तुम्ही बघता.

पॅड संपत आले हे कसं ओळखायचं?

नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की बदला. पत्र्याची मागची प्लेट यात मोजायची नाही. बरेच जण ती धरून मोजतात आणि निर्धास्त राहतात. अलॉय व्हीलच्या काड्यांमधून टॉर्च मारला तर बाहेरचा पॅड दिसतो, आतला दिसत नाही, आणि बहुतेक वेळा आधी झिजतो तो आतला. म्हणून चाक काढूनच बघा.

बऱ्याच पॅडना धातूची बारीक जीभ असते. थर संपत आला की ती डिस्कला घासून चिरका आवाज करते. काही गाड्यांत तिच्याऐवजी वायर असते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. टाकीतलं ब्रेक ऑइल हळूहळू खाली जाणं हीही खूण आहे: पॅड झिजले की पिस्टन बाहेर सरकतात आणि त्यांच्यामागची जागा ऑइल भरून काढतं. अशा वेळी वरून ऑइल ओतू नका, आधी पॅड बघा.

गाडी स्पोर्टी आहे म्हणजे पॅडही स्पोर्टीच घ्यावेत ना?

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

ब्रेक गाडीचा वेग घेतो आणि त्याची उष्णता करतो. दोन माणसं धरून गाडीचं वजन १३०० किलो असेल, तर ताशी १०० किलोमीटरवरून एकदा पूर्ण थांबताना साधारण ५ लाख ज्यूल ऊर्जा डिस्क आणि पॅडमध्ये जाते. वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. आता महूहून जाम घाट उतरून महेश्वरला जाणं घ्या. माळव्याचं पठार सोडून निमाडात उतरताना उंची सुमारे ४०० मीटरनं कमी होते. त्याच गाडीच्या बाबतीत हा हिशेब ५१ लाख ज्यूलचा होतो, म्हणजे शंभरवरून दहा वेळा थांबण्याइतका. त्यातला काही भाग हवा खाते, काही टायर खातात, बराचसा इंजिन खाऊ शकतं. उरलेलं सगळं ब्रेकच्या माथी.

तेव्हा प्रश्न गाडी किती स्पोर्टी आहे हा नाही. तुमचे ब्रेक किती तापतात हा आहे. रोज राजवाडा ते विजय नगर, महिन्यातून एखादा घाट, एवढाच वापर असेल तर कंपनीचेच पॅड सगळ्यात चांगले. शर्यतीचे पॅड तापल्यावर कामाला येतात. थंड असताना ते नीट पकडत नाहीत, डिस्क लवकर खातात आणि आवाज करतात. पलासियाच्या सिग्नलवर ब्रेक कधी तापत नाहीत. तिथे अचानक समोर ई-रिक्षा आली तर लागतो थंडपणी पकडणारा पॅड.

घाट नियमित होत असेल तर रस्त्यासाठीच बनवलेले थोडे वरच्या दर्जाचे पॅड घ्या. सेमी-मेटॅलिक प्रकार उष्णता चांगली सोसतो, पण काळी धूळ आणि आवाज जास्त. सिरॅमिक शांत, धूळ कमी आणि फिकट, रोजच्या वापराला छान. ऑरगॅनिक सगळ्यात मऊ आणि स्वस्त. लांब उतारावर आधी दमतो तोही हाच.

पॅडच्या काठावर ‘एफएफ’, ‘जीजी’ अशी अक्षरं असतात, ती काय?

घर्षणाचा दर्जा. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानाचं, दुसरं तापल्यानंतरचं. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल, समजा ‘एफई’, तर तो पॅड तापला की ढिला पडतो. घाटवाल्यांनी तो घेऊ नये. पॅड किती टिकेल किंवा किती आवाज करेल, हे मात्र या अक्षरांवरून कळत नाही.

नकली माल या धंद्यात भरपूर आहे. बॉश, ब्रेम्बो, राणे किंवा गाडीच्या कंपनीचा खोका, काहीही घ्या, पण पक्कं बिल देणाऱ्या दुकानातून. पॅडवर छापील नंबर नसेल, थराच्या कडा तुटक्या असतील किंवा पत्र्याला चिकटवलेला थर नखानं हलत असेल, तर किंमत न विचारता परत करा.

कॅलिपर लाल रंगवले तर?

लाल दिसतील. एन लाइनला ते कंपनीकडूनच लाल येतात आणि शोभतात. गाडी थांबण्याचं अंतर त्यानं एक इंचही कमी होत नाही. रंगवायचेच असतील तर पिस्टनचं रबर आणि पिनांची टोपणं नीट झाकून रंगवा.

उतारावर पेडल मऊ पडतं. पॅड बदलून जाईल?

बहुधा नाही. दोन तक्रारी वेगळ्या ओळखायला शिका. पेडल कडक आहे, जोर लावता, पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून दमलेत. पेडल स्पंजासारखं खाली जातंय, तर ऑइल उकळतंय किंवा लाइनमध्ये हवा आहे.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असा नियम आहे, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पाय तळाला जातो. यावर उपाय दर दोन वर्षांनी ऑइल बदलणं, मग गाडी कितीही कमी चाललेली असो.

टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच ऑइल घाला. डॉट ५ हे नाव ५.१ च्या जवळचं वाटलं तरी ते सिलिकॉनचं असतं आणि बाकीच्यांत मिसळत नाही. ते आपल्या गाड्यांसाठी नाही.

आमचे काका म्हणतात, घाटात न्यूट्रल करून उतरलं की पेट्रोल वाचतं.

काकांच्या तरुणपणी कार्ब्युरेटर होते, तेव्हा त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य होतं. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला आणि ॲक्सिलरेटर सोडलेला असताना उतारावर इंजिनला जाणारं पेट्रोल बंद होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते पुन्हा सुरू होतं. म्हणजे पेट्रोल जास्त आणि ब्रेकवरचा भारही पूर्ण. आग्रा-मुंबई रस्त्यावरच्या गणेश घाटात ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांचे अपघात इंदूरकरांना नवे नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक असेल तर स्टिअरिंगमागचे पॅडल असतात ते याचसाठी. काकांना हे सगळं पोहे खाताना सांगा, घाटात नको.

हत्यारं काय काय लागतील?

चाकाचा पाना, गोट्यांचा (सॉकेटचा) सेट, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानं बोल्ट आवळायचा पाना), पिस्टन दाबायला सी-क्लॅम्प, वायर ब्रश, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस, जाड तार, इंजेक्शनची मोठी सिरिंज, हातमोजे आणि मास्क. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या पुढच्या कॅलिपरना बहुधा ७ मिलिमीटरची एल-की लागते, जी साध्या सेटमध्ये नसते. चाक काढण्याआधी ती आणून ठेवा. टॉर्क रेंच महाग वाटला तर मित्रांत मिळून एक घ्या. पण ‘हाताचा अंदाज’ नको. अंदाजाचा हात नेहमी जड असतो.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये जॅक लावला तर चालेल?

सपाट काँक्रीट असेल तर हो. पेव्हर ब्लॉक खचतात, उन्हाळ्यात डांबर मऊ होतं. दोन्ही ठिकाणी जॅकखाली जाड लाकडी फळी घ्या. रॅम्पवर अजिबात नको.

गाडीबरोबर आलेला जॅक फक्त उचलायला. उचलल्यावर कंपनीनं दाखवलेल्या जागी जॅक स्टँड लावा. विटांवर गाडी टेकवू नका, वीट एका क्षणात फुटते. हँडब्रेक ओढा, गिअर टाका, मागच्या चाकांना पुढून-मागून अडसर लावा. मागचे पॅड बदलताना मात्र हँडब्रेक सोडलेला हवा, तेव्हा अडसर पुढच्या चाकांना. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा. लहान मुलांना आणि सल्ला द्यायला जमलेल्या शेजाऱ्यांना दूर ठेवा. मुलं निदान ऐकतात.

कामाचा क्रम सांगा.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. उचला, स्टँड लावा, चाक काढा. स्टिअरिंग अशा बाजूला वळवा की कॅलिपरची पाठ तुमच्याकडे येईल; वाकायचा त्रास निम्मा होतो. हात लावण्याआधी मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो घ्या. गोंधळ झालाच तर दुसरी बाजू नमुना म्हणून असते, म्हणून दोन्ही चाकं एकदम उघडायची नाहीत.

धूळ फुंकायची नाही, कॉम्प्रेसरही मारायचा नाही. ती फुप्फुसात जाते, आणि जुन्या किंवा बेनामी पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस नसेलच याची खात्री कोण देणार? क्लीनरचा स्प्रे मारून ओली करा, मग कापडानं पुसा.

बहुतेक ह्युंडाईंमध्ये खालचा गाइड बोल्ट काढला की कॅलिपर वरच्या पिनेवर उलटा उचलला जातो. फोक्सवॅगनमध्ये दोन्ही पिना काढून कॅलिपर बाहेर येतो. तो सस्पेन्शनच्या स्प्रिंगला तारेनं बांधा. रबरी होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लोंबकळू देऊ नका, आतून फाटलेला होज बाहेरून धडधाकट दिसतो. बोल्टबरोबर पिनही फिरत असेल तर पातळ पान्यानं ती धरून ठेवा.

जुने पॅड काढा आणि कुठला आतला, कुठला बाहेरचा हे लगेच मार्करनं लिहा. क्लिपा काढून खालचा गंज वायर ब्रशनं खरवडा. माळव्याची काळी माती पावसाळ्यात इथे बसते, वाळते आणि पॅड सरकायचा बंद होतो. पॅडबरोबर नव्या क्लिपा आल्या असतील तर त्याच वापरा. पिस्टन मागे दाबा, नवे पॅड बसवा. जिभेचा पॅड जुना होता त्याच जागी. बाण असेल तर तो चाक पुढे फिरतं त्या दिशेला.

आता टॉर्क, म्हणजे बोल्ट किती जोरानं आवळायचे ते. ह्युंडाईच्या गाइड बोल्टला साधारण २२ ते ३१ न्यूटन मीटर आणि चाकाच्या नटांना १०७ ते १२७. फोक्सवॅगनच्या गाइड पिनांना ३० आणि चाकाच्या बोल्टना १२०. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो खरा. चाकाचे नट चांदणीच्या क्रमानं, आणि शेवटचा जोर गाडी जमिनीवर टेकल्यावर.

पिस्टन आत जातच नाही!

आधी बॉनेट उघडून टाकीचं झाकण सैल केलंय का? पिस्टन मागे जातो तेव्हा तेवढं ऑइल टाकीत परत येतं. टाकी काठोकाठ असेल तर सिरिंजनं थोडं काढून घ्या, नाहीतर ते बाहेर सांडून गाडीचा रंग सोलेल. सांडलंच तर पुसत बसू नका, भरपूर पाणी ओता.

मग जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवून सी-क्लॅम्प लावा आणि सावकाश पिळा. पुढचा पिस्टन सरळ जातो. तिरका दाबला तर अडतो, तेव्हा क्लॅम्प मधोमध हवा. एवढं करूनही हलत नसेल तर रबरी बूट उचलून बघा. आत गंज असेल तर दाबादाबी थांबवा. त्या कॅलिपरला नवं सील किट किंवा नवा कॅलिपर लागणार, आणि ते घरचं काम नाही.

मागच्या डिस्कचंही असंच का?

नाही, आणि इथेच चांगले कॅलिपर मोडतात. हाताचा हँडब्रेक कॅलिपरमध्येच असेल तर मागचा पिस्टन फिरवत फिरवत आत न्यावा लागतो, बहुधा घड्याळाच्या दिशेनं. काही गाड्यांत एका बाजूचा उलटा फिरतो. क्लॅम्पनं सरळ दाबला तर आतली यंत्रणा तुटते. त्यासाठी पिस्टन फिरवायचं वेगळं किट मिळतं. पिस्टनच्या तोंडावर खाचा असतील तर पॅडच्या पाठीवरचा उंचवटा खाचेत बसला पाहिजे.

बटणाचा हँडब्रेक असेल तर स्कॅनर लावून आधी सर्व्हिस मोड चालू करावा लागतो. स्कॅनर नसेल तर मागचं काम गॅरेजला द्या.

ग्रीस नेमकं कुठे?

गाइड पिनांवर, आणि अगदी पातळ थर पॅडच्या कानांना जिथे ते क्लिपेत सरकतात. पॅडच्या तोंडावर किंवा डिस्कवर कधीच नाही. साधं बेअरिंगचं ग्रीस पिनांना चालत नाही, त्यानं रबर फुगतं आणि पिन अडकते. दोन पिनांपैकी एकीवर रबरी बुश असेल तर ती जिथून निघाली तिथेच परत.

डिस्कही बदलायची का?

डिस्कवर किंवा तिच्या मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरनं दोन-चार ठिकाणी मोजा. त्याच्या जवळ आली असेल किंवा तडा असेल तर बदला, आणि दोन्ही बाजूंच्या एकदमच. बारीक रेघा चालतात.

ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरतं तेव्हा सगळे ‘डिस्क वाकली’ म्हणतात. बऱ्याचदा ती वाकलेली नसते. पॅडचा थर तिच्यावर कमी-जास्त बसलेला असतो किंवा हबवरच्या, म्हणजे ती ज्यावर बसते त्या भागावरच्या, गंजामुळे ती किंचित तिरकी बसते. डिस्क काढली असेल तर हब लखलखीत घासा. भोकं पाडलेल्या डिस्क शहरात फक्त दिसायला असतात, आणि स्वस्त असतील तर भोकांपासूनच तडकतात.

सगळं बसवलं. आता एक चक्कर?

थांबा. गाडी सुरू करण्याआधी ब्रेकचं पेडल पुन्हा पुन्हा दाबा, घट्ट लागेपर्यंत. पिस्टन तुम्ही आत ढकलले आहेत. पहिल्या एक-दोन दाबांत पाय सरळ तळाला जातो आणि ब्रेक लागत नाही. हे न करता पार्किंगमधून गाडी काढणाऱ्याला समोरची भिंत थांबवते. मग ऑइलची पातळी बघा, झाकण लावा, इंजिन चालू करून पुन्हा पेडल दाबा, आणि चालण्याच्या वेगात दोन-तीनदा थांबून बघा. नट शे-दोनशे किलोमीटरनंतर परत एकदा तपासा.

बेडिंग म्हणजे काय, ते टाळलं तर?

नव्या पॅडचा पातळ थर डिस्कवर एकसारखा बसला पाहिजे. टाळलात तर पकड कमी राहते आणि पुढे ती थरथर सुरू होते. सुपर कॉरिडॉरवर भल्या पहाटे जा, आरशात मागे कोणी नाही बघा. ताशी ६० वरून १५ पर्यंत मध्यम जोरानं ब्रेक लावा, पूर्ण थांबू नका, पुन्हा वेग घ्या. असं आठ-दहा वेळा. नंतर काही किलोमीटर ब्रेक शक्यतो न लावता चालवा, म्हणजे सगळं निवेल. तापलेल्या ब्रेकवर पेडल दाबून उभं राहायचं नाही, तिथेच डाग पडतो. पॅडच्या खोक्यावर वेगळी पद्धत दिली असेल तर ती पाळा.

पीथमपूरच्या नॅट्रॅक्सवर हे करता येईल का, असंही विचारतात. तिथला ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला; तो मुख्यतः कंपन्यांच्या चाचण्यांसाठी आहे. साठच्या वेगाला सुपर कॉरिडॉर पुरतो.

नवे पॅड चूं-चूं करतात.

पहिले काही दिवस चालतं. पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज येतो, तो पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये निघून जातो. त्यानंतरही आवाज राहिला तर क्लिपा, पॅडच्या पाठीवरचे शिम (पातळ पत्रे) आणि पिना तपासा. करकर असा धातूचा आवाज असेल तर लगेच थांबा.

गॅरेजकडे नक्की कधी जायचं?

कॅलिपरभोवती ओल दिसली, होजला भेगा असतील, एबीएसचा दिवा लागून राहिला, पेडल दाबूनही मऊच राहिलं किंवा गाडी ब्रेक लावताना एका बाजूला ओढते आहे. पाचही बाबतीत गाडी चालवत नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा. गाडी वॉरंटीत असेल तर काम सुरू करण्याआधी अटी वाचा.

जुने पॅड आणि काढलेलं ऑइल कुठे टाकायचं?

गटारात किंवा झाडाखाली नाही. ऑइल जुन्या बाटलीत भरून बूच घट्ट लावा, वर नाव लिहा. आपल्या कचरागाडीला सहा वेगवेगळे कप्पे असतात, त्यात घरगुती घातक कचऱ्याचाही एक आहे, बाटली त्यात. धुळीनं माखलेली कापडं पिशवीत बांधून तिथेच. पॅड भंगारवाल्याला द्या, पण नीट गुंडाळून.

पुन्हा कधी बघायचं?

दर १०,००० किलोमीटरला, टायर फिरवताना चाकं निघतातच तेव्हा. तारीख, किलोमीटर आणि चारही पॅडची जाडी सर्व्हिस बुकात लिहा, आतला-बाहेरचा वेगळा. दोघांत २ मिलिमीटरहून जास्त फरक दिसला तर पॅड शिल्लक असले तरी पिना काढून साफ करा.